एका विद्यार्थिनीचा वर्ग

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी विभागाच्या ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी माझ्यापुढे एक छापील अर्ज सरकवला आणि पेनाने खालची रेघ दाखवली. तिथे सही करायची होती. मी 'स्वेच्छेने' वनस्पती वर्गीकरण हा विशेष विषय सोडून जैवतंत्रज्ञान घेत आहे, असं त्या अर्जात लिहिलं होतं. 'स्वेच्छेने' हा शब्द आधीच छापलेला होता, नावाची जागा तेवढी कोरी होती.

सही केली नाही तर काय होईल, असं मी विचारलं.

"काय व्हायचंय? सगळ्यांनी केली," त्या म्हणाल्या.

सगळ्यांनी म्हणजे एकीने. आमच्या विषयाला मुळात दोघीच होतो. दुसरी सटाण्याची. तिच्या वडिलांची कांद्याची आडत होती आणि त्यांना फोन करून कुणीतरी आधीच समजावलं होतं. ती मला जिन्यात भेटली, घरचे ऐकत नाहीत म्हणाली आणि रडली. मी तिला दोष दिला नाही, आजही देत नाही. पण मी अर्ज घडी घालून दप्तरात टाकला आणि सही न करता वसतिगृहावर परत आले.

आमचं विद्यापीठ मोठं होतं. नाशिक शहर मागे पडल्यावर त्याचं आवार सुरू व्हायचं आणि एका टोकाच्या इमारतीतून दुसऱ्या टोकाला चालत जायचं तर घाम फुटायचा. प्रवेशाच्या वेळी मिळणारी माहितीपुस्तिका टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड. भाषा, कायदा, व्यवस्थापन, संगणक, औषधनिर्माण, काय वाटेल ते तिच्यात सापडायचं. आमच्या विषयाला अर्धं पान होतं, आणि त्यातही एक ओळ चुकीची छापलेली.

तरी मी तेच अर्धं पान निवडलं होतं, त्याला कारण होतं. मी पेठच्या डोंगरातली. आमच्याकडे भात आणि नागली पिकते आणि दिवाळीनंतर निम्मा गाव द्राक्षबागांच्या कामाला निफाड-दिंडोरीकडे उतरतो. आई-वडीलही उतरायचे. मी आश्रमशाळेत वाढले. नंतर नाशिकला बी.एस्सी. करताना दुसऱ्या वर्षी आमची सहल त्र्यंबकच्या बाजूला गेली. पुढे विद्यापीठात मला शिकवणाऱ्या मॅडम त्या सहलीला पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्यांनी कुंपणावरची एक वेल दाखवून ही कोण, असं विचारलं. वर्गातली हुशार मुलं गप्प राहिली. मी म्हटलं, चाई. तिच्या मोहराची भाजी करतात. मॅडमनी पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं, पान उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. त्या पानावर चाईचं चित्र होतं, लॅटिन नाव होतं आणि खाली बारीक अक्षरात 'चाई' असंही छापलेलं होतं. शाळेत शिकवलेलं बहुतेक सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी गावचं असायचं. आमच्या घरातला एक शब्द पुस्तकात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

मॅडम पंचवटीतल्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंचे विधी सांगायचं काम. त्यांनी तरुणपणी ते घर, ठरत आलेलं लग्न आणि लोकांचं बोलणं मागे टाकून एकटीने डोंगर पालथे घातले. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी आणि झोळीत खुरपं. "भटजींची मुलगी पाला गोळा करत हिंडते," असं लोक म्हणायचे, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच दुसऱ्या विषयाकडे वळल्या. मी दुसऱ्या वर्षाला आले तेव्हा त्यांच्या निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. त्यांच्या जागी नवीन माणूस घ्यायचा नव्हता, म्हणून विषयच बंद करायचा असं वर ठरलं होतं. दोन विद्यार्थिनी ही त्यातली अडचण होती. त्यातली निम्मी अडचण सही होऊन सुटली होती.

चार दिवसांनी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. खुर्चीवर बसवलं, चहा मागवला आणि जैवतंत्रज्ञानाचे फायदे सांगितले. पुण्यात कंपन्या आहेत, नाशिकमध्येही वाईनरीवाले लॅबसाठी मुलं घेतात. मग म्हणाले, "एका विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ चालत नाही."

मी आदल्या तीन दुपारी ग्रंथालयात बसून नियमावली वाचली होती. तिच्यात एक कलम होतं. अभ्यासक्रम बंद करायचा तर आधी प्रवेश घेतलेल्यांना तो पूर्ण करू द्यायचा. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. वही त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. मग पालकांना घेऊन ये म्हणाले. वयाच्या बाविसाव्या वर्षी पालकांना बोलावणं आलं याची मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला.

आई एकटीच आली. लावणीचे दिवस होते, वडिलांना निघता येईना. पेठहून एसटीने येऊन ती विभागाच्या दारात उभी राहिली तेव्हा तिच्या पायांना अजून चिखल होता. प्रमुखांनी तिलाही खुर्ची दिली. ती टोकावर बसली. ते बराच वेळ बोलले. मुलीच्या भल्याचं सांगतोय, हा विषय आता जगात कुठे चालत नाही, पुढे नोकरी नाही, पोरगी हट्टी आहे. आईने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, ही आता मला कर म्हणेल सही.

"सायेब," ती म्हणाली, "ती काय शिकते ते मला कळत नाय. पण तिनं सही नाय केली, म्हंजी कायतरी बघूनच नाय केली."

प्रमुखांनी पुन्हा सुरुवात केली. आई उठली. तीनची गाडी हाय, म्हणाली, आणि त्यांना नमस्कार करून बाहेर पडली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडीत चढताना तिने विचारलं, मेसमधलं जेवण बरं असतं का.

त्या कलमामुळे मला काढता येईना, आणि माझा वर्ग सुरू झाला. मॅडम रोज सकाळी साडेदहाला हजेरीपट उघडायच्या. रोल नंबर एक कमी झाला होता, मी दोन होते. तरी त्या आधी 'एक' म्हणायच्या, पळभर थांबायच्या, गैरहजेरी मांडायच्या आणि मग 'दोन' म्हणायच्या. पहिल्या दिवशी मला हसू आलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वर्गात एकच विद्यार्थी असला तरी तो वर्ग असतो. उद्यापासून पाच मिनिटं आधी यायचं," त्या म्हणाल्या.

वेळापत्रकाच्या फलकावरून आमचे तास काढून टाकले होते. मॅडमनी ते स्वतःच्या अक्षरात लिहून फलकावर चिकटवले. दोन दिवसांनी कागद गायब झाला. त्यांनी दुसरा लावला. तोही गेला. मग दर सोमवारी नवा कागद लावणं हे माझं काम झालं. कोण काढत होतं हे मी शोधायचा प्रयत्न केला नाही. डिंकाची बाटली मात्र मोठी आणली.

सप्टेंबरात आमची खोली गेली. तिथे संगणक बसवायचे होते. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आपण हर्बेरियममध्ये बसू. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींची खोली. जाड कागदावर एकेक झाड, म्हणजे त्याची फांदी, पानं, फूल शिवून किंवा चिकटवून ठेवलेलं, खाली कुठे सापडलं, कधी, कुणी आणलं ते लिहिलेलं. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, त्यांत गठ्ठेच्या गठ्ठे. आत गेलं की डांबराच्या गोळ्यांच्या वासाने डोळे चुरचुरायचे. दोन कपाटांच्या मधल्या बोळात एक टेबल आणि दोन स्टुलं मावली. तिथे मी उरलेलं वर्ष काढलं.

हे सांगताना सगळं शौर्याचं वाटतं, पण तसं नव्हतं. ऑक्टोबरात मॅडमना टायफॉईड झाला आणि त्या आठ-दहा दिवस आल्या नाहीत. मी एकटी त्या बोळात जाऊन बसायचे. बाहेरून जैवतंत्रज्ञानाच्या मुलांचा घोळका हसत जायचा, त्यात माझी सटाण्याची मैत्रीणही असायची. तिला नवं यंत्र हाताळायला मिळत होतं. मला कागदावर चिकटवलेली, वीस-तीस वर्षांपूर्वी मेलेली पानं मिळाली होती. पाचव्या दिवशी मी उठले आणि ऑफिसात गेले. तो अर्ज मागायला गेले होते, हे मी कबूल करते.

क्लार्कबाईंनी मला पाहिलं आणि शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाल्या, "आलीच ना शेवटी."

मी त्यांच्याकडे एसटीच्या सवलतीचा फॉर्म मागितला. तो भरला, शिक्का घेतला आणि तडक पेठची गाडी पकडली.

गावी चार दिवस राहिले ते माझ्या प्रबंधिकेच्या कामाला लागले. विषय रानकंदांचा होता. जमिनीत कंद आणि वर वेल अशा जातीच्या वनस्पती आमच्या डोंगरात पुष्कळ आहेत. काही नुसत्या उकडून खातात, काही कापून वाहत्या पाण्यात ठेवाव्या लागतात, नाहीतर घसा आणि पोट धरतं. पुस्तकात त्या ओळखायची एक खूण दिलेली असते, वेल आधाराला डावीकडून गुंडाळते की उजवीकडून. पण डावं-उजवं वरून बघून ठरवायचं की खालून, यावर पुस्तकापुस्तकांत घोळ. मी आईला विचारलं. आई तेव्हा बांधावर होती. तिने हातातली काडी टाकली, मूठ वळली आणि अंगठा वर केला.

"बोटं ज्या बाजूनं वळतात त्या बाजूनं वेल वर चढली पाहिजे. उजव्या मुठीची असली तर उकडून खा. डाव्या मुठीची असली तर आधी इचार," ती म्हणाली.

मी चार दिवसांत दिसेल त्या वेलीला मूठ लावून पाहिली. कोनफळ उजव्या मुठीचं, कडूकंद डाव्या, चाईही डाव्या. एकदाही गोंधळ झाला नाही. प्रबंधिकेत मी ही पद्धत लिहिली आणि संदर्भसूचीत, प्राध्यापक आणि डॉक्टर मंडळींच्या रांगेत, आईचं नाव घातलं. पुढे 'शेतकरी, पेठ तालुका'. प्रमुखांनी कच्ची प्रत पाहिली तेव्हा त्या नावाखाली लाल रेघ मारली आणि निरक्षर व्यक्ती संदर्भ होऊ शकत नाही, असं समासात लिहिलं. मी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "तुझी प्रबंधिका आहे. तू ठरव." पक्क्या प्रतीत नाव जिथल्या तिथे राहिलं.

जानेवारीत आणखी एक निरोप आला. हर्बेरियमची खोली रिकामी करायची आणि कपाटं मागच्या इमारतीच्या तळघरात न्यायची. त्या तळघरात पावसाळ्यात घोट्याएवढं पाणी साठायचं हे सगळ्यांना माहीत होतं. मॅडम तेव्हा पहिल्यांदा हादरलेल्या दिसल्या. ते कागद म्हणजे त्यांचं पस्तीस वर्षांचं चालणं होतं. त्यांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला. मग मला म्हणाल्या, वही घे.

त्यांनी पत्र सांगितलं, मी लिहिलं. हलवायला आमची हरकत नाही. फक्त नेणाऱ्या अधिकाऱ्याने प्रत्येक कागद मोजून, यादीप्रमाणे ताब्यात घ्यावा आणि एकही नमुना भिजला किंवा किडला तर जबाबदारी आपली असं सहीनिशी लिहून द्यावं. यादी अर्थातच नव्हती. ती आम्ही करायला घेतली. सकाळी तास, दुपारी यादी. कागद काढायचा, नाव, गाव, क्रमांक लिहायचा, परत ठेवायचा. माणसं आणि हातगाडी घेऊन एक साहेब आले तेव्हा मॅडमनी त्यांच्यापुढे पत्र आणि यादीची पहिली दोन रजिस्टरं ठेवली आणि सहीची जागा दाखवली. साहेबांनी पानं चाळली. वर विचारून येतो म्हणाले. पंधरा दिवसांनी दुसरे आले. तेही विचारायला गेले. त्या सहीखाली कुणालाच आपलं नाव नको होतं. कपाटं तिथेच राहिली.

तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, कोल्हापूरकडचे. शेजारी प्रमुख बसले होते. परीक्षकांनी प्रबंधिकेची पानं उलटली आणि नेमकं तेच विचारलं. डावं-उजवं पुस्तकागणिक बदलतं, तुम्ही कुठलं धरलंत?

मी उभी राहिले आणि मूठ दाखवली. कुणाकडून शिकले तेही सांगितलं. प्रमुखांनी घसा खाकरला आणि हा संदर्भ काढायला सांगितला होता, असं परीक्षकांना म्हणाले.

परीक्षक स्वतःची मूठ वळवून तिच्याकडे बघत होते. आधी उजवी, मग डावी. त्यांच्या टेबलावर मी आणलेल्या वेलींचे दोन तुकडे होते, ते त्यांनी उचलून ताडून पाहिले.

"का काढायचा? मी चाळीस वर्षं मुलांना हे शिकवतोय आणि दर वर्षी निम्म्यांचं चुकतं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि आईचं नाव कसं लिहायचं ते मला विचारलं.

मी पहिल्या श्रेणीत पास झाले. अर्थात विषयात पहिलीही मीच आणि शेवटचीही मीच. त्याच महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या आणि पुढच्या माहितीपुस्तिकेतून आमचं अर्धं पान गेलं. आम्ही जिंकलो असं म्हणता येणार नाही.

नंतरची काही वर्षं मी तासिका तत्त्वावर शिकवलं, एक कॉलेज नाशिक रोडला, दुसरं ओझरला, मध्ये बसने धावपळ. रात्री पीएच.डी.चं काम. पेठ-सुरगाण्याच्या रानभाज्यांवर पीएच.डी. झाली आणि पुढे त्याच विद्यापीठात, त्याच विभागात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. मुलाखतीत एकाने विचारलं, तुमचा विषय तर आम्ही बंद केलाय, तुम्ही इथे येऊन काय करणार? मी म्हटलं, चालू करणार. ते हसले. नोकरी मिळाली, माझ्या उत्तराकडे कुणी फारसं लक्ष दिलं नसावं.

प्रस्ताव मी पहिल्याच वर्षी दिला. एक वर्षाची पदविका, वनस्पती ओळख आणि वर्गीकरण. परत आला. पुन्हा दिला. विद्यार्थी कुठून येणार, असा शेरा मारून परत आला. मग मी आश्रमशाळांमधून, वनखात्याच्या नाक्यांवरून, शेतीच्या कॉलेजांमधून फिरले आणि शिकायचंय म्हणणाऱ्यांच्या सह्या घेऊन प्रस्तावाला जोडल्या. अखेर गेल्या वर्षी मंजुरी आली. अट होती, किमान दहा प्रवेश. एक जरी कमी पडला तरी वर्ग होणार नाही.

शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत नऊ प्रवेश झाले होते. नऊजणांत दोघे वनरक्षक होते, सुरगाण्याच्या तीन मुली, एक वैद्य, बाकी नुकतेच पदवीधर झालेले. दहावा प्रवेश घ्यायला एक मुलगी येते म्हणाली होती, तिचं लग्न ठरलं. मी ऑफिसात फोन लावत बसले होते. चार वाजता दारात मॅडम दिसल्या. बहात्तर वर्षांच्या, हातात काठी, पायात तेच कॅनव्हासचे बूट, निदान त्याच जातीचे. मला वाटलं, चौकशीला आल्या. त्यांनी झोळीतून भरलेला प्रवेश अर्ज काढला, फोटो चिकटवलेला, प्रमाणपत्रांच्या प्रती जोडलेल्या, आणि काउंटरवर ठेवला.

काउंटरवरच्या तरुण क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. मग तो उठून प्रशासनातल्या अधिकाऱ्यांना घेऊन आला. अधिकारी म्हणाले की हे बरोबर दिसत नाही, मॅडम इथे विभागात शिकवत होत्या, संख्या भरायला केलेला हा प्रकार आहे.

"संख्या भरायलाच आलेय," मॅडम म्हणाल्या. "आणि शिकायलाही. मी शिकवायचं सोडलं त्यानंतर निम्म्या वनस्पतींची नावं बदललीत. वयाची किंवा आधीच्या शिक्षणाची वरची अट तुमच्या पुस्तिकेत असेल तर दाखवा."

पुस्तिका आणली गेली. किमान पात्रता होती. कमाल काही नव्हती. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला अशा खोलीत काही बोलायची गरज पडली नव्हती. क्लार्कने पावती फाडली.

वर्ग जुलैत सुरू झाला. मॅडमनी दाराजवळचा बाक धरला, कारण पाय आखडला की उठून उभं राहता येतं. पहिल्याच तासाला मी एका नमुन्याचं जुनं नाव सांगितलं आणि त्यांनी हात वर करून मला थांबवलं. सुरगाण्याच्या मुली आळीपाळीने आमच्याकडे बघत होत्या. मी पुस्तक उघडलं, नवं नाव शोधलं आणि फळ्यावरचं खोडून बरोबर लिहिलं.